वानरांची वर्दी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली तेथे झाला, म्हणून त्यास सांप्रत जांब समर्थ असे म्हणतात. कृष्णा-कोयनेच्या मुलुखात ज्यांनी पुढे अकरा मारुती स्थापिले, त्यांचे हे जन्मस्थान. परंतु मारुतीची भक्ती ह्या प्रदेशास कोणी नव्याने शिकवावी लागली असेल असे वाटत नाही. वेशीजवळ शेंदूर फासलेला मारुती नाही असे गाव मराठवाड्यात सापडणे कठीण. आणि त्या देवळाच्या शिखरावर लांब शेपट्या सोडून बसलेली काळ्या तोंडाची वानरे हे दृश्यही तितकेच परिचयाचे. ही वानरे उभ्या पिकाची नासाडी करतात, घरावरचे पत्रे दणाणून सोडतात, आणि शेतकरी त्यांस यथेच्छ शिव्याही देतो. तथापि त्यांतील एखादे विजेच्या तारेस चिकटून मेले, की तोच शेतकरी टोपी काढून उभा राहतो. वर्गणी जमते, टाळ-मृदंग येतात, वानरास तिरडीवर घालून गावातून नेतात. काही ठिकाणी तर दहाव्या दिवशी मुंडण करून तेराव्यास गावजेवणही घालतात.

हा प्रकार ऐकून शहरातील सुशिक्षित मनुष्य हसतो. मीही हसलो आहे. परंतु एका रोगाचा इतिहास वाचीत असता ते हसू हळूहळू मावळले. जालन्यासारख्या कोरड्या जिल्ह्याचा तो रोग नव्हे. सह्याद्रीच्या ओल्या अरण्यांतला तो आहे. त्याची पहिली वर्दी माणसांना मिळाली ती वानरांच्या मरणाने. आणि ती नीट वाचावयास शहाण्या लोकांनाही दहा-बारा वर्षे लागली. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव 'क्यासनूर अरण्याचा रोग' असे आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्यास 'माकडताप' म्हणतात. ह्या दुसऱ्या नावाविषयी माझी एक तक्रार आहे. ती ओघाने येईल.

जनावरांच्या मरणावरून माणसांवरील संकट ओळखणे ही गोष्ट मराठी माणसास नवी नाही. १८९६ साली मुंबईत व पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हापासून 'उंदीर पडू लागले' ह्या तीन शब्दांचा अर्थ पोरासोरांनाही कळू लागला. उंदीर पडले, की लोक घरास कुलूप लावून माळावरच्या झोपड्यांत राहावयास जात. विद्वानांचे मत मात्र बराच काळ भलतीकडेच होते. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसास देते असे सिमाँ नामक फ्रेंच वैद्याने १८९८ साली मांडले. त्याकडे आरंभी बहुतेकांनी दुर्लक्ष केले आणि ते मान्य व्हावयास पुढे काही वर्षे जावी लागली. लोकांनी खूण ओळखली होती, कारण ओळखले नव्हते. आणि ज्यांचे काम कारण शोधण्याचे, त्यांस खुणेची किंमत वाटत नव्हती. माकडतापाच्या इतिहासात हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली.

१९५७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सागर व सोरब ह्या तालुक्यांत, जंगलात माकडे मरून पडत असल्याची वार्ता पुण्यास पोहोचली. पुण्यास पोहोचण्याचे कारण असे की, १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून तेथे विषाणू संशोधन केंद्र उघडले होते. (हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.) केंद्राचे संचालक तेव्हा टेलफोर्ड वर्क हे अमेरिकन होते. त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो ह्यांनी पनामाच्या अरण्यांत काम केले होते, आणि तिकडच्या जंगलात माकडे मरू लागली म्हणजे पीतज्वर आला असे समजतात. पीतज्वर हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. तो पसरविणारा डास मात्र येथे घरोघर होता, आणि म्हणून तो एकदा आला तर काय अनर्थ होईल ह्याची धास्ती राज्यकर्त्यांस फार दिवसांची होती. तेव्हा माकडांच्या मरणाची बातमी ऐकताच पुण्याची मंडळी तातडीने निघाली ह्यात आश्चर्य नाही.

तेथे गेल्यावर दिसले ते असे. माकडांबरोबर माणसेही आजारी होती. एकाएकी जोराचा ताप भरावयाचा, कपाळ फुटेल असे डोके दुखावयाचे, कंबर व पोटऱ्या पिळवटून निघावयाच्या, डोळे लाल व्हावयाचे. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून, आतड्यातून रक्त जाई. आठ-दहा दिवसांनी ताप उतरे, आणि रोगी बरा झाला असे म्हणावे तो काहींना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येऊन मेंदूवर परिणाम होई. तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी ह्यास प्रथम विषमज्वर समजून चालविले होते. त्या वर्षी ४६६ रोगी नोंदले गेले, पुढल्या वर्षी १८१. सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात सापडलेल्या एका आजारी वानरापासून विषाणू हाती लागला, आणि त्या बिचाऱ्या जंगलाचे नाव जगातील वैद्यकीय ग्रंथांत कायमचे जडले. तो पीतज्वराचा विषाणू नव्हता. पण ज्याच्याशी त्याचे साम्य निघाले ते पाहून पुण्याची मंडळी अधिकच चकित झाली. रशियाच्या अतिशीत अरण्यांत वसंत व ग्रीष्म ऋतूंत गोचिडींपासून होणारा जो मेंदूज्वर आहे, त्याच्या कुळातला हा विषाणू ठरला. सैबेरियातील ओम्स्क प्रांताचा रक्तस्रावी ज्वरही त्याच कुळातला.

सैबेरियाचा भाऊबंद मलनाडच्या दमट रानात आला कसा? वर्कसाहेबांच्या मनात जे उत्तर आले ते मोठे मनोवेधक होते. दर हिवाळ्यात लक्षावधी पक्षी उत्तर आशियातून हिंदुस्थानात उतरतात. त्यांच्या अंगास चिकटलेल्या गोचिडींबरोबर हा विषाणू आला असला पाहिजे! मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सलीम अली हे पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यास केव्हाचे उत्सुक होते, परंतु पैसा नव्हता. आता जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले आणि १९५९ पासून जाळी लावून पक्षी धरावे, पायात क्रमांकाची कडी घालावी, अंगावरच्या गोचिडी वेचाव्या आणि पक्षी सोडून द्यावे, हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पक्षिशास्त्राचे ह्यात फार कल्याण झाले. कोणता पक्षी कोठून येतो व कोठे जातो ह्याचे पक्के ज्ञान आपणास ह्या कड्यांनी दिले. माकडतापाचा आरोप मात्र त्या पक्ष्यांवर शाबीत झाला नाही. पुढे ह्या कामास अमेरिकन लष्कराशी संबंधित अशा एका योजनेचा पैसा मिळाला, आणि १९७४-७५ साली वर्तमानपत्रांत व लोकसभेच्या लोकलेखा समितीत ह्यावर मोठे वादळ उठले. पक्ष्यांच्या निमित्ताने परकीय लष्कर रोग पसरविण्याच्या विद्येचा अभ्यास तर करीत नाही ना, असा तो संशय होता. म्हणजे रशियाकडच्या पाखरांवरून निघालेला संशय अमेरिकेच्या शिपायांवर येऊन थांबला. त्या काळचे जागतिक राजकारण ध्यानात घेतले तर ह्यात नवल नाही. तरी दोन्ही वेळी दृष्टी दूर देशाकडे होती, एवढे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

जवळ पाहणारा मनुष्यही परदेशीच होता, हा एक योगायोग. होर्हे बोशेल हे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचे. त्यांच्याविषयी एक हकीकत सांगतात. पीतज्वर शहरातल्या डासाने होतो हे ठरलेले असताना कोलंबियात जंगलात राबणाऱ्या मजुरांना तो होऊ लागला, आणि तेथे तर तो डास मिळेना. बोशेल रानात लाकूडतोड्यांजवळ उभे होते. एक उंच वृक्ष कोसळला, आणि त्याच्या शेंड्याबरोबर निळ्या डासांचा थवाच्या थवा खाली येऊन माणसांस डसू लागला. माकडांच्या उंचीवर राहणारे हे डास माणसाला एरवी भेटतच ना; झाड पडले म्हणून ते भेटले. ज्याने असा प्रसंग डोळ्यांनी पाहिला तो मनुष्य पुढे पुण्याच्या केंद्रात येऊन सागरच्या परिसरात काम करू लागला, तेव्हा आकाशातील पाखरांपेक्षा त्याचे लक्ष तोडलेल्या झाडांकडे गेले ह्यात काय आश्चर्य!

१९६९ साली बोशेल ह्यांनी आपले म्हणणे प्रसिद्ध केले. ते समजण्यासाठी गोचिडीचा संसार थोडा समजून घेतला पाहिजे. ह्या रोगाची मुख्य वाहक जी गोचीड तिच्या आयुष्याच्या तीन अवस्था असतात, आणि प्रत्येक अवस्थेत ती एकदाच पोटभर रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते व पुढल्या अवस्थेत नव्या प्राण्याची वाट पाहते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडी मोठ्या जनावरांस लागतात. मादी रक्ताने टच्च फुगून गळून पडते व हजारो अंडी घालते. पावसाळा सरता सरता त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात आणि त्या उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारी पाखरे व माकडे ह्यांना चिकटतात. विषाणू मिळतो तो बहुधा येथे. मग डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत त्या अळ्यांची मधली अवस्था पाचोळ्यात वावरत असते. खसखशीच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली ही पिलावळच माणसास चावते. माणसाला होतो तो रोग तेथेच संपतो. एका माणसापासून दुसऱ्यास तो होत नाही.

आता मूळच्या घनदाट अरण्यात मोठी जनावरे ती किती? थोडे गवे, थोडी सांबरे. त्यामुळे गोचिडीही बेतानेच. भाताच्या शेतीसाठी माणसाने अरण्याच्या कडेस तोड केली, वस्ती केली, आणि आपली गुरे रानात चरावयास सोडली. शेकडो गाई-म्हशी हा गोचिडींना मिळालेला अखंड अन्नछत्रच होता. तोडलेल्या जागी घाणेरीची दाट झुडपे माजली व त्यांत उंदीर-पाखरांना आसरा मिळाला. त्याच कडेवर माकडे शेतातील पिकासाठी येऊ लागली. जो विषाणू रानाच्या पोटात कदाचित शतकानुशतके निमूटपणे नांदत होता, त्याला ह्या कडेवर मेजवानी मिळाली. गंमत अशी की गाईला काहीच होत नाही. तिच्या रक्तात विषाणू गोचिडीस बाधेल इतका वाढतही नाही. ती केवळ गोचिडी पोसते आणि गोठ्यात स्वस्थपणे रवंथ करीत उभी राहते. मरते ते माकड. १९५७ ते १९६४ ह्या काळात शिमोग्याकडे मरून पडलेली सुमारे हजार माकडे मोजली गेली. त्यांत काळ्या तोंडाची वानरे अधिक. आणि माकड मेले, की त्याच्या थंड होत चाललेल्या अंगावरच्या शेकडो गोचिडी त्याच जागी उतरतात, म्हणून ती जागा पुढे कित्येक दिवस माणसास घातक होते.

येथे मला नावाची तक्रार मांडावयाची आहे. कानडी मुलुखात लोक ह्यास 'मंगन कायिले' म्हणजे माकडाचा रोग म्हणतात, आणि आपण त्याचेच मराठी केले. पहिल्या खेडुताने ते नाव दिले तेव्हा त्यात निरीक्षण होते: प्रथम माकडे पडतात, मग आपण. परंतु नाव दूर गेले की त्यातील निरीक्षण गळते आणि आरोप तेवढा उरतो. शहरात बसून 'माकडताप' हा शब्द वाचणाऱ्यास वाटते की माकड चावल्याने किंवा त्याने उष्टावलेले फळ खाल्ल्याने हा ताप येत असावा. वस्तुतः माकड हा ह्या रोगाचा आपल्या आधीचा बळी होय. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना प्राण्यांची, गावांची वा लोकांची नावे देऊ नयेत असे सर्व राष्ट्रांस सुचविले. ह्या एकाच रोगाच्या दोन नावांत एक जंगल आणि एक प्राणी असे दोघेही आधीच अडकलेले आहेत.

बोशेल ह्यांचे म्हणणे किती खरे होते ह्याचा पुरावा फार दिवसांनी, आणि मोठ्या दुःखाने मिळाला. १९८२-८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान तोडण्यात आले, आणि तेथे ह्या रोगाची जी साथ आली तिने शेकडो लोकांस गाठले. विषाणूच्या मूळ गावाविषयीही दृष्टी बदलली. १९९५ साली अरबस्तानात जिद्दा शहरी एका खाटकाच्या रक्तात जो विषाणू मिळाला, तो क्यासनूरच्या विषाणूचा सैबेरियातील भाऊबंदांपेक्षा कितीतरी निकटचा नातलग ठरला.

पुण्यातील मंडळींविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. हा विषाणू हाताळणे त्या काळी किती धोक्याचे होते हे त्यांच्या स्वतःच्या शरीरांनी सांगितले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कित्येकांना तेथेच हा ताप आला. ज्या डॉ. खोर्शेद पावरी ह्यांनी तरुणपणी ह्या रोगाच्या अभ्यासात वर्षे घालविली, त्या पुढे ह्याच संस्थेच्या संचालक झाल्या. असले विषाणू पूर्ण बंदोबस्तात हाताळता येतील अशी सर्वोच्च दर्जाची प्रयोगशाळा पुण्यास पाषाण येथे व्हावयास २०१२ साल उजाडावे लागले.

आणि मग हा रोग, ज्याचा पुण्याने पन्नासावर वर्षे शेजारच्या राज्यात जाऊन अभ्यास केला, तो आपल्या घरी आला. पन्नास वर्षे तो शिमोगा व त्याच्या आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतच होता. २०१२ च्या अखेरीस तो बंदीपूरकडे दिसला, २०१३ साली केरळातील वायनाडात, २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात. जानेवारी २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावी लोक तापाने पडू लागले आणि आसपास माकडे मरू लागली. पुण्याच्या तपासणीत क्यासनूरचाच विषाणू निघाला. त्या हंगामात तालुक्यात शंभरावर रोगी झाले. पुढल्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे तो सरकला. तो नव्याने आला, की पूर्वीच होता व ओळखला गेला नव्हता, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. मला दुसरा तर्कही अगदीच असंभाव्य वाटत नाही. सह्याद्रीच्या रानाला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत, आणि तापास कारण पुष्कळ असतात.

दोडामार्गचा भाग गोवा व कर्नाटक ह्यांच्या सीमेवर, घाटाच्या पायथ्याशी आहे. येथील संसार काजूवर चालतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेले हे झाड कोकणच्या डोंगरउतारांनी असे आपलेसे केले की ते परके होते हे कोणास आठवतही नाही. काजू गोळा करावयाचा हंगाम फेब्रुवारी ते मे; आणि गोचिडीच्या पिलावळीचा हंगामही नेमका तोच. बोंडे जमिनीवर पडतात, ती पातेऱ्यातून वाकून वेचावी लागतात. भाजावळीसाठी आणि गोठ्यात पसरण्यासाठी सुका पातेरा भरून आणणे हे तर कोकणातील बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. 'रानात जाऊ नका' असा सल्ला अशा माणसास देणे म्हणजे जेवू नका असे सांगणे होय. अंगास लावावयाचे तेल, अंगभर कपडे, घरी येताच गरम पाण्याने स्नान, गुरांच्या अंगावरील गोचिडींचा नाश, हे उपाय खरे आहेत. पण वैशाखाच्या उन्हात डोंगर चढणारी बाई ते रोजच्या रोज कितपत पाळील ह्याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी करावा.

मग लस? तिची कथा फारशी अभिमानास्पद नाही. प्रथम रशियाच्या मेंदूज्वरावरील लस वापरून पाहिली. ती उपयोगी पडली नाही. पुढे कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून मारलेल्या विषाणूची लस तयार झाली व १९९० पासून कर्नाटकात ती नियमाने टोचली जाऊ लागली. साथीनंतर सिंधुदुर्गात आणि गोव्यातही ती दिली गेली. एका टोचणीने तिचा गुण येत नसे, दोन आणि मग पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत, आणि हात फार दुखे म्हणून लोक दुसऱ्या खेपेस येत नसत. अखेरीस तिचा पुरेसा उपयोग होत नाही असे दिसून आल्यावर २०२२ साली ती बंद झाली व नवी तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. रोगावर रामबाण औषध अद्याप नाही. शंभरांत तीन-चार ते कधी त्याहून अधिक रोगी दगावतात. बाकीचे बरे होतात, पण पुष्कळांची शक्ती महिनोन्‌महिने परत येत नाही, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यास हाच दुसरा मार.

जालन्याच्या वाचकास वाटेल, आमच्याकडे न तसले अरण्य, न तो पाऊस. खरे आहे. परंतु गुरे व गोचिडी आहेत. कोरड्या प्रदेशातील निराळ्या जातीच्या गोचिडीपासून होणारा 'क्रिमियन-काँगो' नावाचा रक्तस्रावी ज्वर जानेवारी २०११ मध्ये हिंदुस्थानात प्रथमच ओळखला गेला, तो अहमदाबादेजवळ साणंद तालुक्यातील कोलाट गावी. हा मात्र माणसापासून माणसासही होतो. पहिली रोगी बाई, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व एक परिचारिका ह्या तिघांचा त्यात अंत झाला. निदान केले पुण्याच्याच संस्थेने. ह्याही रोगात गाय-बैल वरून धडधाकट दिसतात, आणि ह्यात तर कोणी माकड आधी मरून आपणास सावध करीत नाही.

सह्याद्रीच्या पट्ट्यात आता मेलेल्या माकडाची वर्दी वनखात्यास व जवळच्या आरोग्य केंद्रास द्यावी अशी रीत पाडली आहे. वर्दी मिळाली की हातमोजे घातलेली माणसे येतात, शवाचे नमुने घेतात, ते जाळतात, आणि त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत गोचिडी मारण्याची पूड टाकतात. टाळ-मृदंग नसतात. परंतु कोठे पडले, केव्हा पडले, आणखी किती पडली, हे प्रश्न मात्र रानात काजू वेचणाऱ्या बायकांनाच विचारावे लागतात, कारण ते त्यांनाच ठाऊक असते.